प्रतिपदा सव्वानऊला संपते, पाहुणे एकला येतात

सांगलीत असताना पाडवा कसा करायचा, हे मला कधी कुणी विचारलं नाही. कडुनिंबाची गोळी नाक दाबून गिळायची, आजोबा गुढीवर तांब्या पालथा घालतात ते बघायचं आणि दुपारी श्रीखंड-पुरी हाणून आडवं व्हायचं. सगळं कुणीतरी आधीच ठरवलेलं असायचं. स्टुटगार्टला बिऱ्हाड थाटल्यावर लक्षात आलं की ते ‘कुणीतरी’ आता आम्ही दोघं आहोत, आणि आमच्या दोघांतच एकमत नाही.

बायको नागपूरची. पुरणपोळी नसेल तर तिच्या लेखी पाडवा म्हणजे नुसताच रविवार. माझं म्हणणं, पुरणपोळी होळीला झाली, पाडव्याला श्रीखंडच. देशात असतो तर एक वर्ष माझ्याकडे, एक वर्ष तिच्याकडे असं करून हा वाद कायमचा टाळता आला असता. इथे स्वयंपाकघर एकच, शेगडी एकच. आदल्या वर्षी पाडवा मंगळवारी आला होता. दोघंही ऑफिसातून थकून आलो आणि इंडियन दुकानातलं डब्यातलं श्रीखंड चमच्याने खाल्लं. त्यामुळे वाद पुढे ढकलला गेला एवढंच.

२०२५ चा पाडवा मात्र ३० मार्चला, रविवारी. रजेचा प्रश्न नाही, म्हणून उत्साहाच्या भरात आम्ही नऊ-दहा माणसांना जेवायला बोलावून बसलो. कोल्हापूरचं एक जोडपं आणि त्यांची मुलगी, एक तेलुगू मैत्रीण आणि तिचा नवरा, माझा तुर्की सहकारी आणि त्याची बायको, बायकोच्या ऑफिसातली एक जर्मन मैत्रीण, आणि आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजी. मग कॅलेंडरं उघडली.

त्या दिवशी पाडवा तर होताच, उगादीही होती. म्हणजे तेलुगू मैत्रिणीचा स्वतःचा सण. जर्मनीतल्या तुर्की मंडळींची रमझानची ईदही नेमकी त्याच दिवशी, म्हणजे माझा सहकारी सकाळपासून नातेवाइकांकडे हात चुंबत फिरणार. आजींचा ईस्टरपूर्वीचा उपवासाचा काळ चालू. त्यांनी गोड सोडलेलं. मार्चचा शेवटचा रविवार असल्यामुळे रात्री दोन वाजता घड्याळं एक तास पुढे जाणार. आणि रविवार असल्यामुळे दुकानं बंद. एखादी वस्तू राहिली तर रेल्वे स्टेशनातलं दुकान सोडून दुसरा आधार नाही.

यातल्या घड्याळाने सर्वांत जास्त छळलं. भारतात प्रतिपदा दुपारी पाऊणच्या सुमारास संपत होती. मार्चभर आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचं अंतर असतं, ते त्या पहाटेपासून साडेतीन झालं. म्हणजे आमच्याकडे प्रतिपदा सकाळी सव्वानऊच्या आसपास खलास. सूर्य उगवणार सातनंतर. गुढी उभी करायला हाताशी दोनच तास, आणि तेही एक तास कमी झोपून. जेवणाला पाहुणे एक वाजता. जेवण द्वितीयेला होतंय म्हणून काही बिघडतं का, हे आईला व्हिडिओ कॉलवर विचारलं. ती म्हणाली, “अरे, सूर्योदयाला तिथी आहे ना? मग दिवसभर पाडवाच.” पुढे म्हणाली, “आणि जेवायला कुणी घड्याळ लावून बसतं का?” ती कधी स्टुटगार्टला आलेली नाही. इथे लोक घड्याळ लावूनच जेवायला बसतात.

जेवणात काय करायचं हे ठरवायला मात्र एक अख्खी संध्याकाळ गेली. श्रीखंडही आणि पुरणपोळीही, हा तह आधीच झाला होता. बाकी पुरी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, आंबेडाळ, मसालेभात, कटाची आमटी, साधं वरण-भात, तळण. अळूची पातळ भाजी मी हट्टाने यादीत घातली आणि बायकोने तितक्याच हट्टाने खोडली. कुरडया सासूबाईंनी पाठवलेल्या होत्या. इथल्या पद्धतीप्रमाणे पाहुण्यांना आधी विचारून घेतलं, काही वर्ज्य आहे का. सहकारी म्हणाला, मांसच नाही तर हलालचा प्रश्नच मिटला. पण बायकोच्या मैत्रिणीला ग्लुटेन अजिबात चालत नाही, सीलिअ‍ॅक आहे. पुरी, पोळी गेली, हे उघड होतं. उघड नव्हतं ते हिंगाचं. डबीवरचा मजकूर वाचला तर त्यात गव्हाचं पीठ. बाजारातला बांधानी हिंग बहुतेक पिठात नाहीतर डिंकात मिसळलेला असतो, हे मला ठाऊकच नव्हतं. गोडा मसालाही संशयित, कारण त्यातही हिंग. मग तिच्यापुरती आमटी, वरण आणि भात बिनहिंगाचे आणि वेगळ्या पातेल्यात करायचे ठरले. हे काम सोपं वाटतं, पण एकच डाव सगळीकडे बुडवायची सवय मोडायला फार लक्ष द्यावं लागतं. बायकोने त्या पातेल्यांच्या कानांना लाल लोकर बांधून टाकली.

श्रीखंडासाठी इथे क्वार्क नावाचं प्रकरण मिळतं. आपल्या चक्क्याचा सावत्र भाऊच. बिनसायीचं घेतलं तर श्रीखंड खडूसारखं लागतं. ४० टक्केवालं घ्यायचं. हे ४० टक्के वाचून घाबरायचं कारण नाही. पाणी वगळून जो ऐवज उरतो त्यातलं ते प्रमाण, प्रत्यक्षात स्निग्धांश दहा-अकरा टक्के. पण नुसत्या क्वार्कचं श्रीखंड गुळगुळीत होतं आणि त्याला आंबटपणाची धार येत नाही. म्हणून अर्धं क्वार्क, अर्धं दहा टक्क्यांचं ग्रीक दही, दोन्ही एकत्र करून शुक्रवारी रात्री पंचात बांधून न्हाणीघरातल्या नळाला टांगलं. घरी चक्क्याइतकीच साखर घालतात. मी पाऊणपट घातली, कारण इथल्या जिभांना आपला गोडवा झेपत नाही. कोल्हापूरकरांनी नंतर ‘अळणी’ असा शेरा दिला, तो मान्य नाही.

शनिवारी सकाळी पुरण. बायकोचं पुरणयंत्र नागपुरात. विमानाच्या सामानात पितळी वजन नको म्हणून दर वेळी राहून जातं. मिक्सरमधून काढलेलं पुरण चिकट होतं, पोळी फुटते. चाळणीवर घासत बसायला एवढ्या पुरणाला दुपार लागली असती. तिने सहज आजींना विचारलं आणि आजींनी तळघरातून ‘फ्लोटे लोटे’ काढून दिली. वर पसरट भांडं, तळाला भोकांची जाळी, मध्ये फिरणारं पातं, बाजूला दांडी. आजी तिच्यातून सफरचंदाचा आणि टोमॅटोचा गर काढतात. जाळ्या बदलता येतात. सर्वांत बारीक लावली, गूळ घालून आटवलेली डाळ गरम असतानाच ओतली आणि दांडी फिरवली. पुरण खाली असं मऊसूत उतरलं की बायको म्हणाली, नागपूरचं यंत्र आता तिथेच राहू दे. आजी दारात उभ्या राहून बघत होत्या. डाळीची जॅम करताय का, असं त्यांनी विचारलं. एका अर्थी हो.

पारीसाठी पिठाची निवड हा वेगळा विषय. इथे मैद्यावर नंबर असतात. ४०५ नंबरचं केकचं, मऊ. त्याला ताण येत नाही. ५५० नंबरचं पावाचं, त्याच्यात चिकाटी जास्त. इंडियन दुकानातली कणीक आणि ५५० अर्धं-अर्धं, भरपूर तेलात तिंबून दोन तास झाकून ठेवलं की पोळी लाटताना पुरण कडेपर्यंत जातं. काचेच्या सपाट शेगडीवर आपला गोल बुडाचा तवा-कढई बसत नाही. पोळ्या भाजायला इथला धिरड्यांचा बिडाचा सपाट तवा उत्तम. फक्त शेगडी तापायला वेळ घेते आणि निवायलाही, त्यामुळे आच कमी करायची ती पोळी टाकायच्या आधी, नंतर नाही.

पोळ्या भाजून होतात तोवर आईचा फोन. “आज तुमच्याकडे ग्रहण आहे ना रे?” खरंच होतं. २९ मार्चला खंडग्रास सूर्यग्रहण, भारतात दिसणार नव्हतं पण युरोपात दुपारच्या सुमारास दिसणार होतं. आमच्या भागात सूर्याचा एक छोटासा लचका जाणार होता, तेवढंच. मी म्हटलं, तुझ्या पंचांगात नाही, मग आम्हाला कशाला? ती म्हणाली, “पंचांग सांगलीचं आहे. ग्रहण तुमच्या डोक्यावर आहे.” मुद्दा बिनतोड होता. “चक्क्यात तुळशीचं पान टाक,” ती म्हणाली. आमची तुळस थंडीत गेली होती. खिडकीत सुपरमार्केटमधली बेसिलची कुंडी होती, पास्त्यासाठी आणलेली. ती कॅमेऱ्यासमोर धरली. आई बराच वेळ निरखत राहिली. “तुळशीच्याच घरातली दिसते,” ती शेवटी म्हणाली. “ठेव दोन पानं. नंतर काढून टाक मात्र, वास लागेल.”

त्या दुपारी तुर्की दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. उद्याच्या ईदसाठी लोक किलोकिलोने बकलावा बांधून घेत होते. कोथिंबिरीच्या जुड्या, काकड्या, लिंबं, पुदिना, सगळं तिथेच मिळालं. कैऱ्या आणि हरभऱ्याची डाळ इंडियन दुकानातून. आंबेडाळ आणि चटणी शनिवारी रात्रीच वाटून ठेवली. रविवारी इमारतीत शांतता पाळायची असते. ड्रिल, हातोडा, गोंगाट बंद. मिक्सर लावला म्हणून कुणी पोलीस बोलावत नाही, पण सकाळी सातला लावला तर जिन्यात भेटणारं हसू जरा पातळ होतं. म्हणून गुढीला खिळाही ठोकायचा नाही.

बांबू बागकामाच्या दुकानातले, टोमॅटोच्या रोपांना आधार देतात ते. बारीक असतात म्हणून तीन एकत्र बांधून बाल्कनीच्या कठड्याला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळले. खण बायकोचा, तांब्या माझा, साखरेच्या गाठी आईने जानेवारीतच कुणाबरोबर तरी पाठवलेल्या. त्यातल्या निम्म्या वाटेत फुटल्या होत्या, उरलेल्यांची माळ पुन्हा ओवली. झेंडू मार्चमध्ये नाही. आंब्याची डहाळी नाही. पण त्या आठवड्यात इथे फोर्सिथिया फुलतो. पान एक नाही, नुसती पिवळीधमक काडी. ती गुढीला बांधल्यावर बायको म्हणाली की हे झेंडूपेक्षा चांगलं दिसतंय, आणि मग स्वतःच जीभ चावली.

कडुनिंबाचं काय करायचं हा प्रश्न तेलुगू मैत्रिणीने सोडवला. इथली थंडी त्या झाडाला सोसत नाही, त्यामुळे ताजी पानं विसरायची. पण उगादीच्या पच्चडीत कडुनिंबाची फुलं लागतात आणि तिच्या आईने ती वाळवून पाठवली होती. शनिवारी संध्याकाळी ती अर्धी पुडी देऊन गेली. रविवारी आठच्या आत गुढी उभी राहिली. वाळलेल्या फुलांत गूळ, ओवा, हिंग, चिंच घालून केलेली गोळी पानांच्या गोळीपेक्षा कमी कडू असेल असं मला वाटलं होतं. नव्हती. शके १९४७, विश्वावसु संवत्सर असं मी मोठ्याने म्हटलं, कारण आजोबा म्हणायचे. मग दोघं तासभर झोपलो.

आजी एकच्या ठोक्याला आल्या, हातात गोड वेणीपाव. उपवासाचं काय, असं विचारल्यावर म्हणाल्या, रविवार त्यात धरत नाहीत. मी नंतर मोजून पाहिलं. ५ मार्च ते १९ एप्रिल ४६ दिवस होतात, सहा रविवार वगळले की बरोबर ४०. आपल्याकडे एकादशीला शेंगदाणे चालतात का यावर भांडणाऱ्या माणसांना ही सूट फार समंजस वाटते. बाल्कनीतली गुढी त्यांनी सकाळीच खालून पाहिली होती. आमच्याकडे आठवड्याच्या पाळीने जिना झाडण्याची शिस्त आहे, केअरवोखं म्हणतात, आणि त्यांना वाटलं होतं की पाळी विसरल्याची काहीतरी नवीन पाटी लावली आहे. त्यांना सण समजावताना महाराष्ट्र नकाशात सापडेना, पण मुंबई त्यांना पक्की ठाऊक होती. १९६८ पासून मुंबई आणि स्टुटगार्ट भगिनी-शहरं आहेत.

तुर्की जोडपं अर्धा तास उशिरा पोचलं. चार घरी बकलावा खाऊन आलं होतं आणि येताना पाचवा डबा घेऊन आलं. घड्याळ बदललं हे त्याच्या मामांना कुणी सांगितलंच नव्हतं म्हणे.

टेबल चार जणांचं. इमारतीच्या तळघरात सगळ्यांच्या वापरासाठी घडीच्या लांब बाकांचे जोड असतात, बीअर पिण्याच्या जत्रेत दिसतात ते. ते वर आणून समोरासमोर मांडले, वर पांढरी चादर. ताटं पोफळीच्या विरीची, इथे पर्यावरणपूरक म्हणून चांगल्या भावाला मिळतात. वाढायची पद्धत कोल्हापूरच्या वहिनींनी हातात घेतली. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, आंबेडाळ, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, खाली मधे भाताची मूद, त्यावर वरण, तूप. माझी आमटीची वाटी चुकून डावीकडे गेली तेव्हा त्यांनी ती न बोलता उचलून उजवीकडे ठेवली. बायकोच्या मैत्रिणीचं ताट लाल लोकरीच्या पातेल्यांतून आधीच वेगळं वाढून ठेवलं होतं.

जर्मन पाहुण्यांची पंचाईत एकच झाली. श्रीखंड शेवटी खायचं, असं समजून दोघींनी ते बाजूला सारलं. पुरीबरोबर तेच खायचं, मधे तिखट भाजी, पुन्हा श्रीखंड, मग आंबेडाळ, हे त्यांना पटायला थोडा वेळ लागला. आजी पटल्यावर थांबल्या नाहीत. पुऱ्या मात्र मला उभ्यानेच तळाव्या लागल्या, कारण या शेगडीवर चार पुऱ्या काढल्या की तेल थंड पडतं आणि पाचवी तेल पिते. मी आतून फुगलेली पुरी आणायचो तेवढाच माझा जेवणातला सहभाग.

खरा गोंधळ आग्रहाचा. आपल्याकडे पाहुणा तीनदा नको म्हणतो, आपण चौथ्यांदा वाढतो, तो हसून खातो. बायकोच्या मैत्रिणीने एकदा ‘नाइन’ म्हटलं म्हणजे नाही. वहिनींनी तरी तिच्या ताटात दुसरी मूद सोडलीच. ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. याउलट सहकाऱ्याची बायको पोट भरल्याचं सांगत हातही पुढे करत होती. तिच्याकडेही हेच चालतं. कोल्हापूरचे भाऊजी पैज लावून पुरणपोळ्या खायला बसले आणि आजींनी त्यांना गंभीरपणे विचारलं, डॉक्टरांना चालतं का. तेलुगू मैत्रिणीने पच्चडीची वाटी सगळ्यांकडे फिरवली. आंबट, गोड, कडू, तिखट, खारट, तुरट, सगळं एका चमच्यात. वर्षात जे येईल ते सगळं आधीच गिळून टाकायचं, असं तिने सांगितलं. सहकारी म्हणाला, बकलाव्यानंतर हा न्याय बरोबर आहे.

चारच्या सुमारास आजींनी वही काढली. फ्लोटे लोटेतून आलेली डाळ त्यांना करायची होती, आणि कृती ग्रॅममध्ये हवी होती. आईला पुन्हा व्हिडिओ लावला. गूळ किती? “डाळीइतका.” आजींनी लिहिलं. शिजवायची किती वेळ? “उलथनं उभं राहीपर्यंत.” हे मी जर्मनमध्ये सांगितल्यावर आजींनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, उलथनं केवढं? आईने स्वयंपाकघरात जाऊन आपलं आणून दाखवलं. आजींनी स्वतःचा लाकडी चमचा आणायला खाली चक्कर मारली.

जाताना उरलेलं सगळ्यांना डब्यांतून बांधून दिलं. तळणीचं तेल गाळून पुन्हा बाटलीत भरलं, पोफळीची ताटं चुरडून एका पिशवीत. बाक परत खाली नेताना सहकाऱ्याने एक टोक धरलं होतं. जिन्यातच त्याने फोनवर पुढच्या वर्षीची तारीख काढली. पाडवा १९ मार्च २०२६, गुरुवार. ईद दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी. दोन्ही दिवशी ऑफिस. मी म्हटलं, मग गुढी गुरुवारी सकाळी आणि जेवण शनिवारी. वरून बायकोचा आवाज आला, की शनिवारी चालेल, पण मग श्रीखंड नाही, फक्त पुरणपोळी. सहकारी म्हणाला, शनिवारी तो आम्हाला बोलावणार होता.